तीन पाण्यांनंतर

आज सकाळी उठले तेव्हा समोरच्या घराची भिंत दिसत नव्हती. तोझ आला होता. इथे कुवेतमध्ये लोक धुळीच्या वादळाला तोझ म्हणतात. आम्हीही आता तेच म्हणतो, कारण आमच्या गावाकडे धूळ अशी येतच नाही, मग तिला नाव कुठून असणार? तिकडे वाऱ्याबरोबर जे येतं ते पाणी. इथे आभाळ आधी पिवळं होतं, मग विटकरी होतं, मग अंगणातला दोरीवरचा कपडासुद्धा दिसेनासा होतो आणि दात दातावर टेकले की करकर वाजतं. मी ओल्या पंच्याने दाराखालची फट बुजवली, खिडकीला भिजवलेली चादर लावली, माठावर दुहेरी फडकं बांधलं. एवढं सगळं हात आपोआप करतात. पण मनात जी भीती उठली ती धुळीची नव्हती. ती माझ्या मुलीच्या, नसीमच्या परीक्षेची होती. आणि नसीम तर आता इथे नाहीसुद्धा.

परीक्षा तिची, ती होऊन गेली त्यालाही आता तीन उन्हाळे झाले. तरी धूळ आली की माझी भूक जाते. यांना मी हे सांगितलं तर हे हसतात. म्हणतात, "चौथीपर्यंत शिकलीस, परीक्षेची एवढी काळजी करायला कुठं शिकलीस?" खरं म्हणजे ती मी चौथीतच शिकले. शाळा तपासायला साहेब आले होते. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. जिभेवर होतं. पण मी पाटीमागे तोंड लपवलं, आणि उत्तर शेजारच्या मुलीने दिलं, तेही चुकीचं. पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती आणि तरीच्या होडीतून मुली जात नसत. तेव्हा पुढची परीक्षा माझ्या वाट्याला आली नाही. ती एकदम नसीमच्या रूपाने आली.

शहरात एका भाड्याच्या घरात संध्याकाळचं कॉलेज भरायचं. दिवसा काम करणारी मुलं तिथे येत, फलस्तीनी म्हणजे पॅलेस्टाइनची, पाकिस्तानी, आपली. तिथे दोन वर्षं काढून चांगले मार्क मिळवले तर हिंदुस्थानातली काही विद्यापीठं ती दोन वर्षं धरत आणि मुलाला थेट पुढच्या वर्गात घेत. नसीमला अशाच एका लांबच्या विद्यापीठात जायचं होतं. तिथे गुन्ह्याच्या तपासाचं शास्त्र शिकवत. रक्त, विष, बोटांचे ठसे, केस, काचेचा चुरा. बाहेरच्यांना जागा थोड्या. मार्क तर हवेतच, पण त्याबरोबर संध्याकाळच्या कॉलेजातल्या उस्तादांची, म्हणजे तिच्या सरांची, शिफारसही हवी, आणि उस्ताद ती शिफारस मुलाने स्वतःच्या हाताने केलेलं एखादं काम पाहिल्याशिवाय कुणालाच देत नसत. ते फलस्तीनी होते. रसायन शिकवत. केस पिकलेले आणि सदऱ्याच्या बाहीवर नेहमी पिवळे डाग.

नसीम एकटी संध्याकाळी शहरात जाणार नाही, ही यांची अट होती. म्हणून आम्ही राहतो त्या फरवानियाहून बसने तिच्याबरोबर मी जायची. ती वर्गात, मी व्हरांड्यातल्या बाकावर. अंगणात एक बोरीचं झाड होतं. आपल्यासारखीच बोर, फक्त पानांवर सदा पिठासारखी धूळ. दोन वर्षं मी त्या बोरीकडे पाहत बसले. आतून उस्तादांचा आवाज यायचा, बाटल्यांचा किणकिणाट यायचा, कधी सडक्या अंड्यासारखा वास यायचा आणि मुलं खोकायची. शब्द इंग्रजी, मला कळायचे नाहीत. पण नसीमचा आवाज आला की मी सरळ बसायची. तिने उत्तर दिल्यावर उस्ताद काय म्हणतात, कुठल्या सुरात म्हणतात, तेवढं ऐकायची. "गुड" हा शब्द मला त्या बाकावर आला. बाहेर येताना उस्ताद मान लववून म्हणायचे, "उम्म नसीम, कैफ हालिक?" म्हणजे नसीमची आई, कशी आहेस? मी ओढणी पुढे ओढून "अल्हम्दुलिल्लाह" म्हणायची. दोन वर्षांत आमचं बोलणं याच्या पुढे गेलं नाही.

हे वेड नसीमच्या डोक्यात कुठून शिरलं, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे आपा राहतात. आपा म्हणजे यांची थोरली बहीण, माझी नणंद. विधवा. यांना त्यांनीच वाढवलं, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचा एकुलता एक मुलगा इसाक बोटीवर भंडारी आहे, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. नसीम दहा-अकरा वर्षांची असताना त्याच्या बोटीवर खलाशांची मारामारी झाली आणि एकाला सुरा लागला. सुरा मारणारा सापडेना. इसाकच्या सदऱ्यावर लाल शिंतोडे दिसले. तो सांगत होता, कोकमं भिजत घातली होती, सार करायला, त्याचं पाणी उडालं. पण बोटीवरच्या गोऱ्या साहेबाला कोकम काय माहीत? इसाकला एका खोलीत कोंडून ठेवलं. पुढच्या बंदरात कुणी एका डॉक्टराने सदऱ्याचा तुकडा कापून बाटलीतल्या औषधाने तपासला आणि सांगितलं, हे रक्त नाही. इसाक सुटला. तिथून तो आमच्याकडे आला आणि कितीतरी दिवस अंगणात भिंतीला पाठ लावून बसून राहायचा. नसीम त्याच्यासमोर जाऊन बसायची आणि एकच विचारायची, "इसाकभाई, बाटलीत काय होतं?" त्याला ते सांगता येईना. ते तिला स्वतःलाच शोधायचं होतं.

परीक्षेच्या वर्षी बकरी ईद उन्हाळ्याच्या तोंडाशी आली. अंगणात कुर्बानी झाली तेव्हा नसीम हातात जुन्या मलमलीचे चौकोनी तुकडे घेऊन उभी राहिली. कसायाने तिला बाजूला व्हायला सांगितलं, ती हलली नाही. आपा दारातून ओरडल्या, "लोकांच्या पोरी कलेजी मागतात, हिला रक्त पायजे! अरे हसन, तुजी पोर बघ!" हसन म्हणजे हे. हे हसले आणि कसायाला म्हणाले, "दे बाबा तिला, सालन नाही करणार ती त्याचं."

रक्ताचा डाग जसा जुना होतो तसा त्याचा रंग बदलतो, आणि तो पाण्यात विरघळायलाही जास्त वेळ लागतो. उन्हात एका चालीने, सावलीत दुसऱ्या, रेतीत तिसऱ्या. नसीमला हे इथल्या हवेत पाहायचं होतं. पुस्तकातली हवा विलायतेची, ती म्हणाली, आपल्या तोझमध्ये रक्त कसं सुकतं ते कुणी लिहिलंय? म्हणून तुकड्यांच्या कडा मी शिवून दिल्या. उन्हातल्यांना लाल दोरा, सावलीतल्यांना हिरवा, रेतीतल्यांना काळा. त्या कॉलेजात माझ्या हातचं काही गेलं असेल तर ते टाके.

पण हे तुकडे ठेवायचे कुठे? आमचं घर दोन खोल्यांचं, पाच वेळची नमाज त्यातच. रक्त नापाक. आपांनी सांगितलं, घरात नाही. मग गच्चीवर, तर उन्हाळ्यात मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची नमाज गच्चीवर होते, तिथे वारा असतो. शेवटी आपा वर जाऊन स्वतः जागा दाखवून आल्या, पाण्याच्या टाकीमागचा कोपरा. "हितनं हाललं तर माज्यासारकी वायट नाय," म्हणाल्या. नसीमने तिथे दोरी बांधली, टाकीच्या सावलीत खिळे ठोकले, रेतीचा डबा ठेवला, आणि रोज कॉलेजला जाण्याआधी वर जाऊन तुकडे पाहू लागली. आमच्या शेजारची जैतूनबी, दापोलीकडची, तोंडाची फटकळ, एकदा भिंतीवरून म्हणाली, "हलीमा, तुजी नसीम उद्या मुडदे चिरणार म्हणं. मंग तिच्या हातची बिर्यानी कोन खाईल गो?" मी हसले. घरात येऊन भाजी चिरायला बसले, ती अर्धीच टाकून उठले.

खरं सांगायचं तर जैतूनबीने मोठ्याने म्हटलं तेच मी आतल्या आत रोज म्हणत होते. मला दोन भीती होत्या. नसीम नापास झाली तर काय, ही एक. पास झाली तर काय, ही दुसरी. नापास झाली तर ती इसाकसारखी भिंतीला पाठ लावून बसेल. पास झाली तर जिथे आमचं काळं कुत्रंही ओळखीचं नाही अशा शहरात जाईल, मेलेल्या माणसांजवळ उभी राहील, आणि तिच्या अंगाला तो वास लागेल. नमाजेत हात उचलले की नेमकं काय मागावं तेच समजेना. शेवटी मी नुसतं तिचं नाव घ्यायची आणि हात तोंडावरून फिरवायची.

परीक्षा जवळ आली तशी धूळही वाढली. नसीम ओला रुमाल तोंडाला बांधून वाचायची. पानं उलटताना मधून रेती गळायची. मी वाफ्र्याच्या मळ्यांतल्या टोमॅटोंचं सार करून तिच्यापुढे ठेवायची, ते तसंच थंड व्हायचं. "जेव गो" म्हटलं की "वन मिनिट, अम्मा." ते मिनिट कधी संपायचं नाही.

मग तो दिवस. दुपारी आम्ही दोघी जैतूनबीकडे गेलो होतो, तिच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते म्हणून हातभार लावायला. आभाळ एकदम विटकरी झालं. वाऱ्याचा जोर ओसरेपर्यंत आम्हाला तिथून निघता येईना. मग धावत घरी आलो, तोवर तोझ गच्चीवरून सपाटा मारून गेला होता. आपा मोरीत बसल्या होत्या. समोर दोन बादल्या. पिळलेल्या कपड्यांचा ढीग, आणि त्याच्या वर नीट घडी घातलेले मलमलीचे चौकोनी तुकडे. पांढरे. कडांचे दोरे लाल, हिरवे, काळे.

नसीम तिथेच थांबली.

"दोरी तुटली," आपा म्हणाल्या, मान वर न करता. "वाऱ्यानं तुजे तुकडे उडाले ते माज्या नमाजच्या ओढनीला गुंडाळले. तुजा बाप नमाज पढतो त्या मुसल्यावर पडले. वारा काय पाक-नापाक बघतो? मंग मी काय करू? सगळंच धुतलं."

नसीमने एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला. रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने सगळे तुकडे गोळा केले, कापडात बांधले आणि म्हणाली, "अम्मा, बसची वेळ झाली."

त्या संध्याकाळी बाकावर बसले तेव्हा मला बोर दिसत नव्हती, इतकी हवा दाट होती. आतून नसीमचा आवाज बारीक येत होता. मग उस्ताद मोठ्याने हसले. मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा शिकलेल्या माणसाचा राग आला. माझ्या मुलीचं सगळं गेलं आणि हा हसतो? पण नसीम बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. बसमध्ये तिने सांगितलं. उस्ताद म्हणाले, रक्त लागलेला कपडा न धुता आपल्यापुढे कोण आणून देतो? खरं काम धुतलेल्या कपड्याचंच असतं. आता हेच तपास. धुतल्यावर काय उरतं, उन्हातल्या डागाचं किती, सावलीतल्याचं किती. फक्त ज्याने धुतलं त्याला सगळं विचार. पाणी, साबण, किती वेळा, कसं.

"म्हणजे आपांना?" मी विचारलं.

"फुफूला," नसीम म्हणाली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. उस्तादांना प्रश्न विचारणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी आपा तांदूळ निवडत होत्या. नसीम त्यांच्यासमोर पेन्सिल घेऊन बसली.

"फुफू, पाणी गरम होतं की गार?"

"गार. रक्ताला गरम पानी कोन लावतं? तुज्या अम्मानं एवडं पन नाय शिकवलं?"

"साबण कुठला?"

"घरात हाय तो. पिवळा."

"किती वेळा धुतलंस?"

"तीन पानी. पाक करायला तीन पानी लागतात. हर पान्याला पिळून."

"किती जोरात पिळलंस?"

"आता पिळन्याचं पन माप देऊ? कान हिकडे कर तुजा, दाखवते."

"पहिला कुठला तुकडा धुतला?"

आपांनी सूप खाली ठेवलं. "अगो, मी काय खून केलाय? कोर्टात हुबी केलीस मला!"

कितीतरी दिवसांनी नसीम हसली. आपाही हसल्या, पण ओठ दाबून, मला दिसू नये म्हणून.

तपासणी तिने स्वयंपाकघरातच केली. कॉलेजातून दोन छोट्या बाटल्या आणल्या होत्या. तुकडा जरा ओला करून त्यावर पांढरा कागद दाबायचा. कागदावर एका बाटलीतला थेंब. काही होत नाही. मग दुसऱ्या बाटलीतला थेंब, आणि कागद गुलाबी. गावाकडे लाल पेरूच्या आतला गर असतो तसा गुलाबी. लाल दोऱ्याचा गुलाबी, काळ्या दोऱ्याचा गुलाबी, हिरव्याचा जरा फिका. मला ते सुंदर वाटलं. इतके दिवस ज्याचं भय वाटत होतं ते असं फुलासारखं असेल हे माहीत नव्हतं.

आपा दारात उभ्या होत्या. "हे काय?"

"रक्त आहे म्हणून रंग येतो," नसीम म्हणाली.

"मी धुतलं ते."

"हो. चांगलं धुतलंस. तरी आहे."

"तीन पान्यांनंतर?"

नसीम आपल्याच आनंदात होती. "बघ ना!" म्हणाली आणि कागद त्यांच्यापुढे धरला. आपांनी पाहिलं. मग आत गेल्या.

त्या दिवसापासून आपांचे हात पाण्यातून निघेनात. ओढणी तीन वेळा धुतलेली पुन्हा धुवायच्या, चौथ्यांदा, पाचव्यांदा. मुसल्ला धुतला, चादरी धुतल्या. नमाजेला उभ्या राहायच्या आणि मधेच मागे वळून मोरीत जायच्या. टाकी दोन दिवसांत रिकामी झाली. हे पंख्यांच्या दुकानात काम करायचे, उन्हाळ्यात गिऱ्हाइकांनी जीव खाल्लेला असायचा, घरी येऊन बघतात तर नळाला पाणी नाही. "घरात उंट पाळलाय काय?" ओरडले.

त्यांच्या बोटांना साबणाने भेगा पडल्या. एका दुपारी मी खोबरेल घेऊन त्यांचे हात चोळायला बसले. त्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "हलीमा, आपन बाया जन्मभर रक्तच धुतो. म्हयन्याचं, बाळंतपनाचं. इसाकच्या वक्ताला तर किती. सगळं तीन पान्यांनी धुतलं, त्याच चादरीवर नमाज पढले. ती सगळी नमाज कुटं गेली माजी?"

मी तेल चोळत राहिले. त्यांच्या हातांत नुसती हाडंच राहिलीत हे मला त्या दिवशी कळलं.

पलीकडच्या खोलीत नसीम होती. तिने ऐकलं. संध्याकाळी ती बसची वेळ झाली तरी उठली नाही. बाटल्या, तुकडे, कागद सगळं एका कापडात बांधून कपाटावर ठेवलं होतं. "अम्मा, मी साधं बीएस्सी करीन. इथेच कुठेतरी टीचर होईन. आय डोन्ट वॉन्ट इट." मला वाटलं, सुटलो. लांबचं शहर नाही, मुडदे नाहीत, जैतूनबीची बोलणी नाहीत. जेवायला बसलो तेव्हा मी तिच्या पानात नेहमीपेक्षा जास्त वाढलं. ती सगळं जेवली. एक शब्द न बोलता, "वन मिनिट" न म्हणता, सांगितलं तेवढं सगळं. तेव्हा मला आधीच्या दोन्ही भीतींहून मोठी तिसरी भीती वाटली, पोर माझ्यासारखीच होऊन बसेल याची.

माणूस काळजी करतो तेव्हा त्याला वाटतं, ही एक गोष्ट टळली की झालं. पण काळजीची जागा कधी रिकामी राहत नाही. एक उठली की दुसरी येऊन बसते, दवाखान्यातल्या बाकावर बसतात तशी. हे मला आता कळतं. तेव्हा नुसती झोप येत नव्हती.

सुटका आपांनीच केली. दोन-तीन दिवसांनी सकाळची नमाज झाल्यावर त्या मुसल्ल्यावर बराच वेळ बसून राहिल्या. मग उठल्या, स्टुलावर चढून कपाटावरचं गाठोडं काढलं आणि चहा पीत असलेल्या नसीमपुढे टाकलं.

"हे कशाला बांदलंस?"

"तुला त्रास होतो, फुफू."

"माजं नाव पुडं करू नको. तुला येत नसंल तर तसं सांग." खाली बसल्या. आवाज जरा उतरला. "माजी आई सांगायची, पानी साफ आलं की हात थांबव. डाग ऱ्हायला तर ऱ्हायला, तो माफ हाय. हे मला येत होतं, पन तुजा तो गुलाबी कागद बगितला आनि इसरले. मी धुतलं ते पाक. तुज्या बाटलीला दिसतंय ते पन खरं. दोन्ही खरं असलं तर कुनाचं काय जातंय? आल्ला मला बाटली घेऊन नाय इचारनार."

नसीम गाठोड्याकडे बघत बसली. आपांनी तिच्या पाठीत एक धपका घातला. "त्या दिवशी त्या डाक्तरानं पन सदरा कपाटावर टाकला असता तर माजा इसाक कुटं असता? ऊठ!"

त्यानंतर आपांनी एकदाच विचारलं, "माजं नाव लिवलंस काय त्यात, धुनारीन म्हणून?" नसीमने सांगितलं, उस्तादांनी लिहायला लावलं. आपा दिवसभर तोऱ्यात होत्या.

परीक्षा झाली. ते दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. परीक्षेच्या खोलीबाहेर उन्हात तापलेला बाक, त्यावर अंथरलेली माझी ओढणी. आत पंख्याची घरघर. नसीमच्या बोटांवर पिवळे डाग, उस्तादांच्या बाहीसारखे. शेवटच्या दिवशी उस्ताद बाहेर आले, कैफ हालिक म्हणाले, आणि मी अल्हम्दुलिल्लाह म्हणायच्या ऐवजी नुसती त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांना ते समजलं असावं. ते हळू म्हणाले, "खैर, उम्म नसीम, खैर." चांगलं होईल. शिफारस त्यांनी त्याच आठवड्यात पाठवली.

मग वाट पाहणं. कुवेतमध्ये उन्हाळ्याच्या शेवटी धूळ थांबते आणि समुद्राकडून दमट हवा येते. अंगाला कपडा चिकटतो. आम्ही सगळे एकमेकांशी तुसडेपणाने बोलत होतो आणि का ते कुणी म्हणत नव्हतं. नसीमला जागा मिळाल्याचं कळलं ते शुक्रवारी. मी झुबेदी तळत होते, झुबेदी म्हणजे आपला पापलेट. बाहेर नसीमची किंकाळी ऐकली आणि तुकडा तव्यात उलटायचा राहून गेला. तो एका बाजूने जळला.

जेवायला बसलो. कुणी हात घालेना. हे बोटांनी भात चिवडत होते. शेवटी म्हणाले, "जागा मिळाली, नाव काढलं, बरं झालं. पण पाठवायचं म्हणजे... मुलगी एकटी. परका मुलूख. ना नातं ना गोतं. मुलींचं वसतिगृह आहे म्हणतात, पण बघितलंय कुणी? आणि असलं शिक्षण घेऊन आली की लग्नाला कोण विचारणार?" मग नेहमीसारखे वळले. "आपा, तू काय म्हणतेस?"

आपांनी माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "मला कशाला इचारतोस? बाकावर मी बसत होते काय दोन वर्सं? जी बसत होती तिला इचार."

या घरात मला कुणी असं विचारलं नव्हतं. विचारत नाहीत म्हणून मला कधी वाईट वाटलं असंही नाही. मला ते बरं पडत होतं. आता सगळे माझ्याकडे पाहत होते. यांची नजर, आपांची, आणि नसीमची. ओढणी तोंडावर ओढून आत निघून जावं असं वाटलं. उठता आलं नाही, कारण मांडीवर आपांनी हात ठेवला होता.

"मला भीती वाटते," मी म्हणाले.

नसीमने मान खाली घातली. हे सुस्कारा सोडून म्हणाले, "झालं तर मग. आईलाच नको आहे."

"तसं नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना, पण तो चालू राहिला. "भीती मला वाटते. तिला नाही वाटत. माझी भीती तिच्या पेटीत कशाला भरायची? ती माझी आहे, ती माझ्याजवळ राहू द्या. नसीमला जाऊ द्या."

मग आपांनी जळलेला पापलेट आपल्या ताटात घेतला आणि बरा तुकडा नसीमला वाढला. हे बराच वेळ माझ्याकडे पाहत होते, जसं काही मी आत्ताच बोटीतून उतरून घरात आले. "बरं," म्हणाले.

भीती राहिली. बोलल्याप्रमाणे मी ती ठेवून घेतली. आज तोझ आहे, दाराखालून थोडी धूळ आत आलीच आहे. तिकडे नसीम काय करत असेल, जेवली असेल का, कुणाच्या शेजारी उभी असेल, मला माहीत नाही. तिला माहीत आहे, तेवढं पुरे.